खोलीभर घोडा

मित्रांनो, आमच्या घरी एक पत्र आलं होतं आणि कितीतरी दिवस त्याचं उत्तर गेलं नव्हतं. उत्तर देणारा माणूस आळशी नव्हता. घरात कागद होता, शाई होती, पाकिटंही होती. अडचण होती ती माझी. मी एक जुना लाकडी घोडा आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. कंटाळा आला तर मधूनच उठून जा. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

माझा जन्म तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत झाला. एका बूटविक्याला आपल्या दुकानाच्या दाराशी अगदी खऱ्या घोड्याएवढा घोडा हवा होता. आपले बूट नालेसारखे टिकतात, असं त्याचं म्हणणं. शिल्पकाराने ओंडके एकेक करून जिन्याने वर आणले, पुन्हा सुटणार नाहीत असे एकमेकांना जोडले आणि पटाशी हातात घेतली. मी तयार होईपर्यंत तो माझ्या पोटाखाली बसून जेवायचा. माझ्या नाकपुड्या तर अशा उतरल्या, की त्याच्या बायकोने एकदा तिथे हात धरून पाहिला, श्वास येतोय का म्हणून.

मग मला न्यायचा दिवस आला. बूटविक्याने माझ्याभोवती फेरी मारून माझं तोंडभर कौतुक केलं. मग त्याने दाराकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. मला सरळ, आडवं, तिरकं, सगळ्या तऱ्हांनी करून पाहण्यात आलं. डोकं बाहेर गेलं, की खांदे अडायचे. खिडकी तर दाराहूनही लहान. दाराचं माप कोणी घेतलंच नव्हतं. शिल्पकाराला वाटलं होतं, बायकोने घेतलं असेल. बायकोला वाटलं होतं, एवढं तर याला कळत असेल. बूटविक्या चहा प्यायला, निघून गेला आणि दुकानाच्या दाराशी त्याने एक मोठं घड्याळ टांगलं.

तेव्हापासून मी त्या खोलीत राहिलो. खरं तर मी म्हणजेच ती खोली होती. माझ्या पाठीवर कपडे वाळायचे, कानांना छत्र्या लटकायच्या. कपाटातून काही काढायचं असेल, तर शिल्पकाराची बायको माझ्या पोटाखालून वाकून जायची आणि जाताना मला दोन शब्द सुनावायची. पाहुणे मात्र वाहवा करायचे. मला ती वाहवा आवडायची, हे कबूल करायला हवं. आपण कोणाच्या वाटेत उभे आहोत, हे अशा वेळी सुचत नाही.

आणि मग ते पत्र आलं. शिल्पकाराच्या मोठ्या बहिणीचं. आईच्या माघारी तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. ती ज्या इमारतीत राहत होती, ती पाडायची ठरली होती. तिने लिहिलं होतं, "तुमच्याकडे मागची खोली आहे ना, तिथे मी राहिले तर चालेल का? जागा असेल तर कळव. नसेल तरी कळव. रुसणार नाही."

शिल्पकार रोज टेबलाशी बसायचा. 'प्रिय ताई' एवढं लिहून माझ्याकडे बघायचा. मी असताना 'ये' लिहिता येत नव्हतं, आणि तिला 'नको' लिहायला हात वळत नव्हता. म्हणून तो काहीच लिहीत नव्हता.

"मी लिहू का?" बायको म्हणाली. "घोडा खोलीत आहे, तुम्ही जिन्यात झोपा. आम्ही पांघरूण देऊ."

थोड्या दिवसांनी ताईंचं दुसरं पत्र आलं. पहिलं पोचलं नसेल असं समजून पुन्हा लिहिते, महिनाअखेर घर सोडायचं आहे, एवढाच मजकूर होता. शिल्पकाराने ते दोनदा वाचलं. बायकोने करवत आणून त्याच्यासमोर ठेवली.

"कापायचा नाही," तो म्हणाला. "जरा बारीक करतो."

भिंत आणि मी यांच्यामध्ये खाट मावायला वीतभर जागा कमी पडत होती. त्याने माझ्या पाठीमागून वीतभर लाकूड काढलं. खाट मावली असती. पण तो दोन पावलं मागे सरकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "आता मान जड दिसते." मान उतरली, तर पाय लांब दिसू लागले. पाय उतरले, तर डोकं मोठं दिसू लागलं. खोलीत भुशाचे ढीग झाले.

खालच्या मजल्यावरच्या आजी आवाजाची तक्रार घेऊन वर आल्या. "चाललंय तरी काय?"

"घोडा लहान करतायत," बायको म्हणाली. "ताई राहायला येणारेत."

"मग बोलवा की. घोडं अडलंय कुठं?"

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं.

मधले काही दिवस फार वाईट गेले, मित्रांनो. एका संध्याकाळी मी चक्क गाढव दिसत होतो. कान कमी करायला तो विसरला होता. सकाळी त्याच्या लक्षात आलं. तोवर आजी येऊन 'छान झालंय गाढव' म्हणून गेल्या होत्या.

शिंगराएवढा झालो, तेव्हा शिल्पकाराने पटाशी खाली ठेवली. इतक्या वर्षांनी तो पुन्हा शीळ घालत होता. खाट लागली होती. त्याने बायकोला विचारलं, "झालं ना आता?"

"ताईंची ट्रंक कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पटाशी उचलली. ट्रंकेसाठी माझं पोट गेलं. शिलाई मशीनसाठी छाती आणि मान गेली. ताईंना खिडकीशी बसायला आवडतं, हे त्याचं त्यालाच आठवलं. बायकोने काही विचारायच्या आधीच खुर्चीसाठी त्याने माझी उरलेली उंची काढून घेतली. दुखलं का, म्हणाल, तर दुखलं. पण नाकपुड्या त्याने प्रत्येक वेळी नव्याने कोरल्या, आणि दर वेळी त्या आधीपेक्षा चांगल्या झाल्या. मीच सांगतो म्हणून खरं मानू नका, येऊन बघा.

आता मी मुठीत मावतो. खिडकीच्या कठड्यावर उभा असतो. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं आमच्यासारख्यांनी सांगायची रीत आहे. मीही सांगतो, जपा. पण कोणी राहायला येऊ का असं विचारत असेल, तर आधी त्याला उत्तर द्या. आमचं काय, आम्हाला तासता येतं.

मी मुठीएवढा झालो, त्याच दुपारी शिल्पकाराने एका बैठकीत पत्र लिहिलं. "ताई, खोली रिकामी आहे. ये. उशीर झाला, रागाव हवं तर, पण इथे येऊन रागाव." ते घेऊन तो खाली उतरला. समोरच्या पत्रपेटीपाशी त्याने पत्ता तपासला, पाकिटाचा डिंक तपासला, पेटीभोवती एक चक्कर मारली. बायको माझ्या शेजारून खिडकीतून वाकली.

"टाका आता," ती वरून म्हणाली. "नाहीतर पत्राआधी ताईच पोचतील."

त्याने पाकीट आत सोडलं. मग वाकून, फटीला डोळा लावून, ते पडलं की नाही हे बघत राहिला.