फोटोवाली आई

धाकटीने टीव्ही मालिकेच्या चाहत्यांच्या मेळाव्याची दोन तिकिटं आणली, ती मैत्रिणीसाठी आणि स्वतःसाठी. मैत्रीण ऐन वेळी तापाने पडली आणि धाकटीचं तोंड एवढंसं झालं. ज्या मालिकेचा एक भाग आपण धड बघितलेला नाही, तिच्या नटनट्यांना भेटून बोलायचं काय, असं थोरलीच्या ओठावर आलं होतं, पण तिने मैत्रिणीचं तिकीट स्वतःच्या पिशवीत टाकलं. आई गेली तेव्हा थोरली सात वर्षांची होती आणि धाकटी भिंत धरून चालायची. आता दोघींनी तिशी ओलांडली, तरी धाकटी हिरमुसली की थोरली विरघळायची. ती खोड काही जात नव्हती.

निघताना बाबा दारापर्यंत आले.

"तूसुद्धा चाललीस?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"हिला सोबत म्हणून."

"ती दर वर्षी जातेच की. माझा गुडघा धरलाय आज. तू थांब घरी."

"बाबा, काल तर दोन जिने चढून भाजी आणलीत," धाकटी म्हणाली. "जाऊ द्या हो तिला एक दिवस माणसांत. वजनांच्या संगतीत राहून वजनासारखी झालीय."

थोरली वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. दुकानांतली, दवाखान्यांतली, कारखान्यांतली वजनं तिच्या टेबलावर यायची आणि ती खरी की खोटी ते ती सांगायची. एकदा घेतलेल्या मापावर तिचा विश्वास नसे. तीनदा घ्यायची, मग तोंड उघडायची. "ताईला चहा गोड झालाय का विचारा," धाकटी पाहुण्यांना सांगायची, "तीन घोट घेतल्याशिवाय उत्तर नाही मिळायचं."

मेळावा एका भल्यामोठ्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये होता. दारात मनगटावर कागदी पट्टे बांधले जात होते. आत नटांचे पुरुषभर उंचीचे पुठ्ठे उभे होते आणि लोक त्या पुठ्ठ्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढत होते. मालिकेतल्या पात्रांसारखे कपडे घालून आलेलेही बरेच होते. थोरलीला गंमत वाटली ती तीन-चार बायांची. पिकल्या केसांचा टोप, जाड काड्यांचा चष्मा, आणि तोंडासमोर रिकामी लाकडी चौकट धरून त्या हिंडत होत्या.

"ह्या कोण?"

"फोटोवाली आई," धाकटी म्हणाली. "तुला काहीच कसं माहीत नाही गं? मालिकेत चार भाऊ आहेत, त्यांची आई पहिल्या भागाच्या आधीच वारलेली. बैठकीच्या खोलीत तिचा फोटो आहे. ज्याला जे सलतं ते तो येऊन फोटोला सांगतो. नऊ वर्षं एक शब्द बोललेली नाही बाई, पण सगळ्यांत लाडकी तीच."

"बोलली नाही म्हणूनच असेल."

"हस तू." नटाला भेटायची रांग थोडी सरकली. धाकटी नखाने मनगटावरचा पट्टा खरवडत म्हणाली, "मीपण बोलते तिच्याशी."

"फोटोशी?"

"टीव्हीतल्या. ऑफिसात कुणी काही बोललं की. तू संध्याकाळच्या पाळीला असतेस. बाबा तर मालिका सुरू झाली रे झाली की उठून गॅलरीत जातात."

"त्यांना गोंगाट सोसत नाही."

"बातम्यांतली भांडणं सोसतात बरी." धाकटी हसली. "आपल्याकडे आईचा एक जरी फोटो असता ना, तर नसते मी टीव्हीशी बोलले."

थोरलीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आई मावशीकडे गेली, तिकडेच ताप डोक्यात गेला आणि ती गेली, असं बाबांनी सांगितलं होतं. फोटोंची पेटी नळ फुटून भिजली, त्यात सगळं गेलं. थोरलीला आईचा चेहरा आठवत होता. धाकटीकडे तेवढंही नव्हतं.

मालिका पुढच्या महिन्यात संपणार होती, म्हणून यंदा पहिल्यांदाच बैठकीच्या खोलीचा सेट उचलून जसाच्या तसा हॉलमध्ये आणून मांडला होता. तोच सोफा, तेच पुस्तकांचं कपाट, तीच भिंत. सोफ्यावर थोरल्या भावाचं काम करणारा नट बसला होता. सगळे त्याला दादा म्हणत. एकेक जण त्याच्या शेजारी बसायचा, फोटो निघायचा, दोन शब्द व्हायचे आणि स्वयंसेवक ओरडायचा, "पुढचे कोण?"

धाकटीचा नंबर लागला. थोरली दोघींच्या पिशव्या सांभाळत कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिली. दादा पडद्यावर दिसतो त्याच्यापेक्षा बुटका होता आणि त्याच्या मानेवर रंग कुठे संपला ते स्पष्ट दिसत होतं. धाकटी त्याच्याकडे न बघता मान वळवून भिंतीकडे बघत होती. थोरलीनेही वर पाहिलं.

भिंतीवर आई होती.

थोरलीने नजर काढून घेतली. कपाटातली पुस्तकं बघितली, ती नुसती पाठींची होती, आत पानं नव्हती. मग पुन्हा वर पाहिलं. आईच होती. सारखेपणा असतो माणसामाणसांत, तिने स्वतःला बजावलं. टीव्हीवर हा फोटो कायम कुणाच्या ना कुणाच्या खांद्यामागे, धूसर. जाहिरातीत चौघे भाऊ. आपण आजवर तो कधी नीट पाहिलाच नाही, म्हणून भास होतोय.

"ताई, ये ना तूपण," धाकटीने हाक मारली. "एक तिघांचा."

ती गेली. सोफ्यावर बसण्याऐवजी भिंतीपाशी उभी राहिली आणि तिसऱ्यांदा पाहिलं, हातभर अंतरावरून. केस मागे ओढून बांधलेले. उजवा कान पूर्ण दिसत होता. जिथे कान गालाला चिकटतो, तिथे वरच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं छिद्र. टोचलेलं नाही, जन्माचं. तसंच छिद्र थोरलीच्या कानापाशी होतं, धाकटीच्याही. कॉलेजात आनुवंशिकता शिकवताना सरांनी तिलाच उभं करून ते वर्गाला दाखवलं होतं. आईकडून की वडिलांकडून, त्यांनी विचारलं होतं. बाबांचे कान कोरे होते.

पण तिला खरं अडवलं ते छिद्राने नव्हे. फोटोतल्या बाईचे केस पिकले होते. गळ्याला सुरकुत्या होत्या. आई गेली तेव्हा तिशीचीही नव्हती.

मेलेल्या माणसाचे केस पिकत नाहीत.

"काय गं, भूत बघितल्यासारखी काय उभी?" धाकटी म्हणाली.

"हा फोटो," थोरलीने दादाला विचारलं. तिने भिंतीकडे बोट केलं. "कुणाचा आहे?"

"सगळे हेच विचारतात," दादा हसत म्हणाला. तो किस्सा त्याने पुष्कळदा सांगितलेला असावा. "आमच्या कपडेपटातल्या मावशी. पहिल्या दिवशी जिचा फोटो घ्यायचा होता ती बाई आलीच नाही. मावशी कोपऱ्यात माझ्या शर्टाला बटण लावत होत्या. दिग्दर्शक म्हणाले, बसा हो समोर जरा. बसल्या. पैसे नकोत म्हणाल्या, पण अट घातली."

"कसली अट?"

"भिंत बदला, रंग बदला, फोटो उतरवायचा नाही. आणि चष्म्याशिवाय, कान दिसेल असाच लावायचा. चष्मा चाहत्यांनीच चिकटवलाय त्यांना. आम्ही चिडवायचो, मावशी, कुणी ओळखायला हवंय की काय? त्या म्हणायच्या, हो, बघतील कधीतरी."

थोरलीने मनात एकेकाचा हिशेब मांडला. बघणारी रोज बघत होती, पण तिला चेहरा माहीत नव्हता. चेहरा माहीत असणारी संध्याकाळभर वजनं तपासत होती. आणि तिसरा एक जण होता. त्याने नऊ वर्षांपूर्वी, बहुधा पहिल्याच दिवशी, पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो रोज त्या वेळेला उठून गॅलरीत जाऊन उभा राहत होता. गोंगाट सोसत नाही म्हणून. आज त्याचा गुडघा धरला होता.

तिच्या हातातल्या पिशवीत फोन थरथरला. बाबाच होते. तिने तो तसाच थरथरू दिला.

"त्या कुठे असतात?"

"मावशी? आहेत ना मागे. मावशी," दादाने पडद्याच्या दिशेने हाक दिली, "ही बाही पुन्हा उसवली बघा."

पडदा बाजूला झाला. साठीला टेकलेली एक बाई बाहेर आली. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या. दादाचा हात उचलून तिने बाही बघितली, एक टाचणी लावली, दुसरी काढायला ओठांकडे हात नेला आणि तिची नजर थोरलीवर पडली. हात तिथेच राहिला.

"अय्या," धाकटी उठून उभीच राहिली. "ताई, फोटोवाली आई."

आणि थोरली काही करायच्या आत ती पुढे गेली, त्या बाईचा ओठांपाशी थांबलेला हात तिने दोन्ही हातांत धरला. "तुम्हाला हसू येईल. पण मी रोज बोलते तुमच्याशी. अगदी लहानसहान सांगते. माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून."

बाईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टेपला टोचल्या. घाई केली नाही, पण एक खाली पडली. तिने धाकटीच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, अंधारात चाचपडावं तशी.

"रोज बघायचीस?" तिने विचारलं. आवाज थोरलीला आठवत होता त्याच्याहून जाड होता, पण तोच होता.

"एक भाग चुकवला नाही."

"आणि ही?" तिने थोरलीकडे न बघता विचारलं. "ही नाही बघायची?"

"ताई? छे हो. तिला मालिका म्हणजे वेळेचं वाटोळं."

बाई खाली वाकली, पडलेली टाचणी शोधू लागली. ती तिच्या पायाशीच होती, तरी तिला ती सापडेना.

थोरलीने टाचणी उचलून तिच्या तळहातावर ठेवली. हात थंड होता आणि बोटांची टोकं सुईने खरखरीत झालेली. का गेलीस, हे कसं विचारायचं ते तिला सुचत नव्हतं. बाबांना काय विचारायचं, तेही तिला कळत नव्हतं. पण धाकटी अजून हसत होती, कॅमेऱ्यासाठी केस नीट करत होती, आणि ते हसू पुसायचं काम दुसऱ्या कुणावर ढकलण्यासारखं नव्हतं.

"मी आज बघितलं," ती म्हणाली.

मग तिने धाकटीचा खांदा धरून तिला जवळ घेतलं, तिचे केस उजव्या कानामागे सारले आणि तिचं बोट उचलून त्या छिद्रावर ठेवलं.

"हे लागतंय हाताला?" ती म्हणाली. "आणि आता वर फोटोत बघ. नीट बघ. मग यांच्याकडे."

धाकटीने वर पाहिलं. मग त्या बाईकडे. पुन्हा वर. तिचं बोट कानापाशीच राहिलं होतं, आणि हसू अजून चेहऱ्यावरून उतरायचं होतं.

"ताई," ती म्हणाली, "पण आई तर..."

"पुढचे कोण?" स्वयंसेवक ओरडला.

तिघींपैकी कुणीच हललं नाही.