तिच्या पाठीमागून

दिवसभर वल्ही मारून प्रितमच्या तळहातांना फोड आले होते. नावेच्या पुढच्या टोकाला बसलेले ज्ञानदेवकाका उद्या नागपूरला परतणार होते आणि अमेरिकेतल्या मोंटानाच्या या नदीने त्यांना अजून एकही मासा दिला नव्हता. शेवटचा डोह आला, तेव्हा तिथे कमरेभर पाण्यात एक बाई गळ टाकून उभी होती. तिच्यासमोर मासे वर येत होते.

"नाव तिच्या समोरून पटकन काढतो, काका, जाता जाता तुम्ही गळ टाका. तिच्या मागे पाणी उथळ आहे, नाव ओढावी लागेल."

"मासे बिथरतील. तीही सकाळपासून उभी असेल, बाबा."

"पण तुमचा हा लास्ट चान्स आहे!"

"असू दे. मागूनच घे."

प्रितम पाण्यात उतरला, मागोमाग काकाही. गोट्यांवरून नाव ओढत, धापा टाकत दोघे तिच्या पाठीमागून गेले. बाईने वळून न पाहताच एक हात उंचावला. नावेत बसल्यावर काकांनी आपल्या गळाच्या दोऱ्याला आमिष म्हणून बांधलेली पिसांची खोटी माशी सोडवून डबीत ठेवली.

मागे डोहात मासा वर आल्याचा डुबुक आवाज झाला. काकांनी थकलेली मान वळवली.

"पळाले नाहीत रे," ते हळूच म्हणाले.