भीमेच्या गाळातले शिंपले

दौंडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या करुणाने २००३च्या उन्हाळ्यात भीमेच्या पात्रात जिवंत शिंपल्यांचे तीन पिंजरे गाळात रोवले. एक नदीला मिळणाऱ्या गावच्या नाल्याच्या वर, एक नाल्याच्या तोंडाशी, एक खाली. शिंपला गाळातलं शिसं, जस्त अंगात साठवतो. साठ दिवसांनी ते तपासायचं, म्हणजे नाला काय आणून ओततो ते कळेल.

काठावर मेंढरं चारणारे म्हस्कूआबा रोज येऊन विचारायचे, "ताई, ह्ये मुकं जनावर काय सांगणार?" करुणा समजावून सांगायची.

चाळिसाव्या दिवशी दुपारी धरणातून पाणी सुटल्याचं कळलं. करुणा मिळेल त्या जीपने नदीवर पोचली, तर पात्र दोन्ही काठांना भिडलेलं. ती मटकन खाली बसली. परवानगीसाठी घातलेले हेलपाटे, उन्हातले दिवस, सगळं पाण्यात गेलं.

"ताई, अशा का बसलाय? इकडं या."

बाभळीच्या सावलीत प्लास्टिकच्या तीन बादल्या होत्या. प्रत्येकीत एक पिंजरा, खाली गाळ, वर पाणी.

"ज्या जागंचा पिंजरा, त्याच जागंचा गाळ आन् पाणी. लोखंडी घमेलं न्हाई वापरलं. धातू लागतो, तुम्हीच म्हणला हुता."

करुणाने वाकून आबांच्या चिखलाने भरलेल्या पायांना हात लावला.

"आवं, ह्ये काय!" म्हणत आबा मागे सरले.

पाणी ओसरल्यावर पिंजरे पुन्हा जागच्या जागी गेले. खालच्या शिंपल्यांत वरच्यांच्या सहापट शिसं निघालं. करुणाने ग्रामसभेत कागद वाचला. नाल्याखालचं पाणी प्यायचं बंद झालं, वरच्या अंगाला नवी विहीर खोदली गेली.

शिंपल्यांवरचा प्रबंध छापून आल्यावर करुणा आबांच्या घरी गेली. त्यांची बायको गीताबाई चहा देताना हसून म्हणाली, "त्या दिशी ह्ये कंबरभर पाण्यात आन् मेंढरं गेणबाच्या घासाच्या वावरात! समद्या गावासमोर शिव्या खाल्ल्या ह्यांनी."

हे आबांनी कधीच सांगितलं नव्हतं. करुणाने प्रबंधातलं आभाराचं पान उघडलं आणि पहिलंच नाव मोठ्याने वाचलं.

आबा खाली मान घालून ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "परत एकदा वाचा की. हिनं नीट ऐकलं न्हाई."