तीनशे सत्त्याण्णवची बाकी

मास्तरांनी हे घर घेताना ना ऊन पाहिलं, ना वारा. दारावरचा ३९७ पाहिला आणि उभ्या उभ्या होकार देऊन टाकला. विषम संख्या, त्यातही मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. वर आणखी एकोणीसचा वर्ग अधिक सहाचा वर्ग! "तिनाने भागा की तेराने भागा, आपले तीनतेरा व्हायचे नाहीत, बाकी उरणारच," असं ते बायकोला ऐकवत, आणि ती म्हणे, "आधी नळ गळतोय तो बघा."

तीच बायको आता दीड महिना अंथरुणाला खिळली होती, आणि डॉक्टर 'बघू' यापलीकडे काही बोलत नव्हते. हातात दुसरं काही उरलं नाही म्हणून मास्तर रोज सकाळी तिच्या उशाशी बसून ३९७ ला तेराने भागत. भागाकार तीस, बाकी सात. ते सात दिसले की त्यांच्या जिवात जीव येई.

मंगळवारी सहा उरले.

"म्हातारचळ, दुसरं काय," असं म्हणत त्यांनी पुन्हा मांडलं. पुन्हा सहाच. शेवटी कागद लेकीपुढे सरकवला.

"सातच की हो बाबा! तुम्ही आणि वजाबाकीत चुकलात?"

बुधवारी पाच आले, गुरुवारी चार. चाळीस वर्षं वर्गात खडू झिजवलेला हात. पायरी एकही चुकत नव्हती, आणि बाकी मात्र रोज एकाने कमी होत होती. ही बाकी बायकोच्याच दिवसांची, हे मनाने घेतलं आणि मास्तर तिच्या उशापासून हलेनात.

पण बायको तर सुधारत होती! शुक्रवारी तीन उरले, ती उठून बसली. शनिवारी दोन, आणि ती भिंत धरून खिडकीपर्यंत गेली. मास्तरांना रडूच फुटलं. त्या आनंदात लेकीने चहाचे दोनच कप आणले, एक आईला, एक स्वतःला, तेही त्यांनी मनावर घेतलं नाही, आणि डॉक्टर त्यांच्या प्रश्नाला उत्तर न देता निघून गेले तेव्हा घाईत असतील बिचारे म्हणून सोडून दिलं. रविवारी एक उरला. त्या दिवशी त्यांनी लेकीला तीनदा हाक मारली आणि तिने मानही वर केली नाही, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण इतके दिवस भलत्याच माणसासाठी भीत होतो.

सोमवारी त्यांनी पेन्सिलीला हात लावला नाही. "नाही मांडत, जा!" असं मोठ्याने म्हणाले.

बायको आपल्या पायांनी चालत आली आणि टेबलाशी त्यांच्या समोर बसली. गणित म्हटलं की जन्मभर नाक मुरडणाऱ्या त्या बाईने कागद पुढे ओढला, ३९७ मांडले आणि बोटं मोजत तेराने भागायला घेतलं.

"अगं, नको गं," मास्तर तिचा हात धरून म्हणाले. हात त्यांच्या मुठीतून सहज पुढे गेला. तिने खाली शून्य काढलं, अगदी गोल.

तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला.

"हो गं, ठणठणीत आहे आता. घरात? लेक बाहेर गेलीय. बाकी?"

तिने थेट मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं.

"बाकी कुणी नाही."