रिकाम्या हाताने वर आलेली

आमच्या कोरियातल्या जेजू बेटावर शिंपल्यांसाठी समुद्रात बुडी मारायला कुणी कुणाला शिकवत नाही. बघायचं आणि करायचं. माझ्या सासूने मला एका शब्दाने सांगितलं नाही, मीही सुनेला सांगितलं नाही. हेजिन देगू शहरातली, बापाच्या कपड्यांच्या दुकानात वाढलेली. लग्न झाल्यापासून माझ्या मागे मागे पोहत राहिली. आज आम्हा बुडी मारणाऱ्या बायकांची म्होरकी ओक्सुनताई तिची बुडी बघून ठरवणार होती, तिला आमच्यात घ्यायचं की घरी बसवायचं. मला रात्रभर झोप नव्हती.

हेजिनने पाण्यातल्या चष्म्याची काच धुरकटू नये म्हणून पाल्याने पुसली, उजवा खांदा उचलला, मान वाकडी केली आणि पाण्यात डोकं घातलं. तरंगायचे गोळे धरून पाण्यात थांबलेल्या सगळ्या बायका खो खो हसायला लागल्या.

"अगं ग्विबुन, तुझा खांदा आखडलाय म्हणून तू वाकडी होतेस. हिला काय झालंय?" एकीने मला विचारलं.

"सासूचं दुखणंसुद्धा उचललंय पोरीने," ओक्सुनताई म्हणाली. "आता गुडघेदुखी तेवढी द्यायची राहिली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण हेजिन वर येईना, तसं हसणं थांबलं. खडकाला चिकटलेला मोठा शिंपला आम्ही लोखंडी पट्टीने उचकटतो. पट्टीचा दोर मनगटाला असतो. शिंपल्याने पट्टी आवळून धरली की माणूस खालीच अडकतं. मी खाली जायला श्वास भरून घेतला.

तेवढ्यात शीळ ऐकू आली. वर आलं की कोंडलेला श्वास आम्ही शीळ घालत सोडतो, आणि कुणाची शीळ कुठली हे पाठ फिरवूनही ओळखतो. क्षणभर मला वाटलं, मीच घातली.

हेजिनच्या हातात शिंपला नव्हता, पट्टीही नव्हती.

"पट्टी कुठाय?" ओक्सुनताईने विचारलं.

"खालीच. शिंपल्याने धरली, मग दोरातून हात काढून घेतला."

"केवढा होता?"

"ताटाएवढा."

"आणि सोडून आलीस? असला वर्षात एखादा दिसतो."

"आई सोडतात ना," हेजिन म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात सोडला होता. दिवसभर आमच्यावर डाफरत होत्या, पण सोडला. मी मागेच होते."

त्या दिवशी तिला माझं डाफरणं तेवढं दिसलं असेल, असं मी धरून चालले होते.

"माझी धाकटी बहीण अशीच पट्टीला अडकून गेली," ओक्सुनताई पाण्याकडे बघत म्हणाली. "माझंच बघून शिकली होती. मी तिच्यासमोर कधी शिंपला सोडला नाही."

मग तिने हेजिनकडे बोट केलं.

"उद्यापासून ही आपल्यात," ती म्हणाली.

मी हेजिनला दंडाला धरून जवळ ओढलं. "माझी सून आहे," मी सगळ्यांना सांगितलं, जसं काही कुणाला ठाऊकच नव्हतं.