नलूचा सत्कार

सोयाबीनच्या मळणीयंत्रात नलूच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली, अन् त्या दिवसापासून तिला कशाचं काही वाटेनासंच झालं. सण आला काय, पाहुणे आले काय, सगळं सारखंच. दारव्ह्यातल्या शेजारणी म्हणत, "दगड झाली पोरगी." झाली असेल. आतून काही हलतच नाही, तर तिनं तरी काय करावं?

भाऊ प्रफुल्लनं कुठूनशी जुनी गिटार आणली. नलूनं ती उलटी धरली, ताराही उलट्या क्रमानं चढवून घेतल्या. उजव्या हातानं तारा दाबायच्या अन् डाव्या पंजाला रबरानं बांधलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यानं छेडायच्या. मोबाइलवर बघून बघून आठ महिन्यांत एक चाल बसली. एकच, पण बसली! ती कुणीतरी नीट ऐकावी, एवढं मात्र तिला वाटायचं.

बुद्धपौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता. नलूचं नाव पुकारलं. ती गिटार मांडीवर घेते न घेते तोच अध्यक्ष धर्मपालभाऊंनी माईक धरला. तिच्या जिद्दीवर वीस मिनिटं बोलले. अपघात तर असा रंगवला की पुढच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. मग शाल, पुष्पगुच्छ, फोटो. टाळ्या तर विचारूच नका! अन् लगेच पुढचं नाव.

"भाऊ, मले वाजवायचं हाये," नलू म्हणाली.

"वाजवजो न बाई, वेळ भेटला तं. सैपाक थंडा होऊन राह्यला."

वेळ कशाचा भेटतो! मंडप रिकामा झाला, पलीकडे खिरीच्या पंगती बसल्या. नलू जागची उठली नाही. समोर नुसत्या खुर्च्या होत्या. तिनं वाजवायला घेतलं.

माईकवाला रूपसिंग वायरी गुंडाळत होता. तो थांबला. शेवटपर्यंत ऐकलं.

"ताई, मधात ताल सुटला तुमचा," तो म्हणाला. "अन् दुसरी तार उतरेल हाये, बेसूर वाजते."

आजवर सगळे तिचा हात बघून वाहवा करत आले होते. चुकली असं कुणी म्हणालंच नव्हतं. नलूला राग आला. चांगला सणसणीत, कानशिलं तापवणारा राग.

"कोठी सुटला?" ती ओरडली. "नुसतं बोलू नको, दाखव! मी पुन्हा वाजवतो."

रूपसिंगनं वायरी खाली टाकल्या अन् खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.