खाजणातला चिखल

सुचेताच्या आईला, मंदाताईंना, एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागायचं. परत येताना त्या अर्धमेल्या झालेल्या असायच्या आणि रिक्षाच्या हादऱ्यांनी त्यांना उलट्या व्हायच्या. म्हणून सुचेताने जुनी गाडी घ्यायचं ठरवलं. ऑफिसातला भूपेश म्हणाला, "आमच्याकडे एक पडून आहे, बाबांची. बघून घे."

खारीगावात, पाडायला काढलेल्या घराशेजारी, पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी होती. ताडपत्रीवर चिंचेचा पाला कुजलेला, चारही टायर बसलेले. भूपेशने काही लपवलं नाही. काही वर्षांपूर्वी त्याचे वडील, बाळाराम, एका दुपारी गाडी शेडमध्ये लावून चालतच खाडीकाठच्या खाजणातल्या मिठागराकडे गेले होते, भरतीचं पाणी बांधावरून येतंय का ते बघायला. बांधावर चपला सापडल्या. बाकी काहीच नाही.

"आई गाडी विकू देत नव्हती. तुझा बाप आला तर कशानं फिरेल, म्हणायची. आता इथे बिल्डिंग होतेय. आम्ही काशीगावात फ्लॅट घेतलाय, पण पार्किंग नाही."

"आणि आता काय म्हणतात त्या?"

"काहीच नाही."

काशिमिऱ्याच्या चंदन मेकॅनिकने गाडी दोराने ओढून गॅरेजात नेली. सडलेलं पेट्रोल काढलं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, जाम झालेले ब्रेक सोडवले, नवे टायर आणि बॅटरी बसवली. सुचेता गाडी न्यायला गेली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, इंजिन एकदम मस्त है. बस एक बात समझ में नहीं आयी. पूरी गाडी धूल से भरी थी, और ड्रायव्हर सीट पे धूल का नाम नहीं."

भूपेश पुसत असेल, असं तिला वाटलं.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. आई मागच्या सीटवर पाय घेऊन झोपायची, घर आल्यावरच उठायची. मग एका सकाळी सुचेताला ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर चिखल दिसला. काळपट, ओला, खाडीचा वास असलेला. आपल्याच सँडलचा असेल म्हणून तिने पुसला. दुसऱ्या दिवशी परत. या वेळी नीट बघितलं तर टाच दिसत होती, पाच बोटं दिसत होती. अनवाणी, रुंद पाऊल. क्लचचं पेडलही ओलं होतं.

गाडीच्या काचा बंद होत्या, दारं लॉक होती आणि चावी घरात तिच्या उशाशी होती. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "गाडी तो हिली भी नहीं, मॅडम." तिने मीटर बघितला. आदल्या दिवशीचाच आकडा होता.

गाडी विकून टाकावी, असं मनात आलं. पण आईला न्यायचं कसं? ती रोज सकाळी फडकं घेऊन खाली जायची आणि चिखल पुसून टाकायची.

एकदा डायलिसिसहून परत येताना मंदाताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "त्यांना काच लावायला सांग ना. गार लागतंय."

"कुणाला?"

"तुझ्या शेजारी बसलेत त्यांना."

डावीकडची काच अर्धी खाली होती. सुचेताने ती उघडली नव्हती. तिने गाडी कडेला घेतली आणि खाली बघितलं. शेजारच्या मॅटवर दोन ताजी पावलं होती, आणि त्यांच्याभोवती पाणी अजून पसरत होतं.

आईला घरी सोडून ती तशीच काशीगावला गेली. भूपेशची आई, शांतीबाई, खाली आली. तिने वाकून चिखल बोटावर घेतला, वास घेतला. घाबरली नाही.

"आमच्या बांधाचाच हाय," ती म्हणाली. "घर शोधतंय भूपेशचा बाप. घर कुठं हाय आता? मना खारीगावला घेऊन चल, पोरी."

पुढचं दार उघडून ती जराशी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "मागं बस." सुचेताला वाटलं आपल्यालाच सांगतेय. मग शांतीबाई पुढे बसली. सुचेताने आरसा वळवून वर केला. मागे काय आहे ते तिला बघायचं नव्हतं.

घराच्या जागी आता नुसता खड्डा होता. शांतीबाई तिथे उतरली नाही. मिठागराच्या बांधावर मात्र उतरली, आणि मागचं दारही उघडून ठेवलं. भरती लागत होती. पाण्याकडे तोंड करून ती शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "घर पाडलं. मी काशीगावान राहते, सातव्या मजल्यावर. लिफ्ट हाय. लय वेल झाला, चल आता."

परतताना पुलाच्या चढावर गाडी अशी जड झाली की दुसरा गिअर टाकावा लागला. बिल्डिंगखाली शांतीबाईने उतरून मागचं दार उघडलं, कुणाला गुडघे धरून उतरायला लागेल एवढा वेळ धरून ठेवलं, आणि लावलं.

दुसऱ्या दिवशी मॅट कोरडी होती. त्यानंतरही कोरडीच राहिली. सुचेताला सुटल्यासारखं झालं. आई पुन्हा निवांत झोपू लागली.

आठवडाभराने भूपेश कँटीनमध्ये तिच्यासमोर येऊन बसला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"आई खूश असते," तो म्हणाला. "दुपारभर बोलत बसते. मिठागराचं, जुन्या भांडणांचं. मध्येच हसते. मी खोलीत गेलो की गप्प."

"तू काही बघितलंस?"

"नाही ना. काहीच नाही. वासही येत नाही मला." त्याने चहाचा कप नुसता फिरवला. "काल रडत होती. म्हणाली, तुझा बाप एवढ्या वर्सांनी घरी आयला, तुला किती हाका मारतो, आणि तू त्याच्यासमोरून चालत जातोस. एवढा कसला राग हाय तुझा?"

सुचेताने त्याच्या हातावर हात ठेवला.

"मी काय सांगू तिला?" भूपेश म्हणाला.